डोक्याला मार लागलाय: झोपू द्यायचं की जागं ठेवायचं?

झोपल्यामुळे मेंदूत रक्तस्राव होत नाही, आणि जागं ठेवल्यामुळे चालू असलेला रक्तस्राव थांबत नाही. तरी कुणी पडलं, डोकं आपटलं की घरात पहिलं वाक्य उठतं ते "झोपू देऊ नका हं त्याला!" मग एकजण गालावर चापट्या मारतो, दुसरा तोंडावर पाणी मारतो, तिसरा कडक चहा करून आणतो. या धांदलीत पाहायच्या गोष्टी पाहायच्या राहतात आणि घड्याळ पुढे जातं.

ज्याला धोक्याची लक्षणं आहेत त्याला जागं ठेवत घरी बसायचं नाही, हॉस्पिटलला न्यायचं. ज्याला ती नाहीत, त्याला झोपू द्यायचं, पण उठवल्यावर तो नीट उठतो ना, हे ठरावीक वेळाने तपासायचं. खाली लिहिलंय ते सगळं या दोन वाक्यांचाच तपशील आहे.

ही समजूत आली कुठून

समजूत अगदी निराधार नाही. कानाच्या जरा पुढे आणि वर, कानशिलाच्या जागी, कवटीचं हाड सगळ्यात पातळ असतं. त्याच्या आतल्या बाजूने एक धमनी जाते. तिथे हाड तडकलं तर ती धमनी फाटू शकते. अशा वेळी माणूस आपटल्यावर थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग उठून बसतो, पाणी मागतो, "मला काही झालं नाही" म्हणतो. आत मात्र कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असतं. काही तासांनी डोकं जोरात दुखायला लागतं, उलटी होते, गुंगी येते. घरच्यांना वाटतं, दमलाय, झोपू दे. सकाळी तो उठत नाही. मधल्या त्या बऱ्या वेळेला डॉक्टर 'ल्युसिड इंटरव्हल' म्हणतात. पिढ्यान् पिढ्या लोकांनी असे प्रसंग पाहिले आणि दोष झोपेला दिला. खरं तर ती झोप नव्हतीच, ती उतरत चाललेली शुद्ध होती.

इतका वेळ माणूस बरा कसा दिसतो? कवटी हाडाची, ती ताणत नाही. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी एवढंच असतं. रक्त साचायला लागलं की आधी ते पाणी पाठीच्या कण्याकडे सरकतं, मग शिरांमधलं रक्त बाहेर ढकललं जातं. एवढी सोय असेपर्यंत वरून काही कळत नाही. ती संपली की पुढच्या थोड्याशा रक्तानेही दाब झपाट्याने चढतो. या जागी ३० मिलीलीटरपेक्षा जास्त रक्त साचलं तर सहसा ऑपरेशन करावंच लागतं. ३० मिलीलीटर म्हणजे दोन मोठे चमचे.

ब्रिटिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन मार्च २००९ मध्ये कॅनडात स्कीइंग शिकताना पडल्या. त्या हसत-बोलत होत्या, आलेली मदत त्यांनी नाकारली. काही तासांत डोकं दुखायला लागलं आणि दोन दिवसांनी त्या गेल्या. कारण हाच रक्तस्राव होता. बिघडायला लागलं तेव्हा त्या जाग्याच होत्या. जागेपणाने कुणाचं रक्षण होत नाही; लक्षणं वेळेत ओळखली आणि माणूस वेळेत ऑपरेशन थिएटरपर्यंत पोचला तरच होतं.

पडल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

लगेच उचलून बसवू नका. डोक्याला जोराचा मार म्हणजे मानेलाही मार असू शकतो, असंच धरून चाला. गाडीवरून पडलेला, झाडावरून किंवा स्लॅबवरून पडलेला, दहीहंडीच्या थरावरून कोसळलेला गोविंदा, यांची मान हलवायची नाही. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं स्थिर धरा आणि त्याला बोलतं ठेवा. बोलतं ठेवायचं ते जागं राहावा म्हणून नव्हे. शब्द अडखळायला लागले, तोच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारायला लागला, की शुद्ध उतरतेय हे तुम्हाला लगेच कळतं.

हेल्मेट असेल आणि श्वास नीट चालला असेल तर ते काढू नका. श्वास अडकतोय किंवा उलटीने तोंड भरलंय, तरच काढायचं, आणि तेही दोघांनी: एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेटच्या कडा बाजूला ताणत हळूहळू ओढायचं.

उलटी होत असेल किंवा माणूस बेशुद्ध असून श्वास घेत असेल तर त्याला कुशीवर वळवा. डोकं, मान आणि धड एका रेषेत राहील असं, ओंडका लोटावा तसं, शक्यतो तिघाचौघांनी मिळून. एकटेच असाल तरी वळवा. उलटी श्वासनलिकेत गेली तर माणूस काही मिनिटांत जातो. श्वासच चालत नसेल किंवा अधूनमधून नुसते आचके येत असतील तर कुशीवर नको. उताणं ठेवून छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबायला सुरुवात करा.

डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या भरपूर, त्यामुळे छोटी खोकही शर्ट भिजवते. घाबरू नका. स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग दहा मिनिटं दाबून धरा, मध्ये मध्ये उचलून पाहू नका; दर वेळी उचललं की जमलेली गुठळी सुटते. हळद, कॉफी, चुना काही भरू नका, टाके घालणाऱ्याला आधी ते सगळं धुऊन काढावं लागतं. बोटाखाली हाड खचलेलं किंवा हलतंय असं वाटलं तर मात्र तिथे दाबायचं नाही. जखमेवर कापड नुसतं ठेवा आणि कडेने आधार द्या. नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखं काही येत असेल तर बोळा कोंबू नका. ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ते अडवलं तर जंतू आत जायची भीती वाढते.

तोंडाने काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, तो नीट शुद्धीवर आहे याची खात्री होईपर्यंत. झटका (फिट) आला तर कांदा-चप्पल हुंगवणं आणि तोंडात चमचा घालणं दोन्ही टाळा. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करा आणि झटका थांबला की कुशीवर वळवा.

या लक्षणांना थांबायचं नाही

यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. महाराष्ट्रात आणि गोव्यात दोन्हीकडे हाच नंबर आहे. तो लागला नाही तर ११२.

पडल्यावर क्षणभर का होईना बेशुद्ध झाला. पडण्याआधीचं किंवा नंतरचं आठवत नाही. एकापेक्षा जास्त उलट्या झाल्या. झटका आला. डोकेदुखी कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललीय. बोलणं असंबद्ध किंवा जड झालंय. एका हातात, एका पायात जोर कमी वाटतोय, चालताना झोक जातोय. एकाचं दोन दिसतंय. नाक-कानातून रक्त किंवा पाणी. दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं झालंय, किंवा कानामागच्या हाडावर निळा डाग उमटलाय. हा निळेपणा कवटीच्या तळाचं हाड मोडल्याची खूण असू शकतो आणि तो बरेचदा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतो, म्हणून कानामागे मुद्दाम बघा.

दोन गोष्टींकडे लोक हमखास दुर्लक्ष करतात. एक, स्वभाव पालटणं: शांत माणूस अंगावर धावून येतो, शिव्या देतो, कपडे काढायला लागतो. तो 'चिडलाय' म्हणून त्याला धरून झोपवू नका. मेंदूवर दाब वाढताना असं होतं. दुसरी, नव्याने सुरू झालेलं घोरणं. "छान गाढ झोपलाय, घोरतोय," म्हणून पांघरूण घालून लोक निघून जातात. शुद्ध उतरली की जीभ मागे पडते, श्वासाची वाट अरुंद होते आणि घोरल्यासारखा किंवा घशात पाणी खळखळल्यासारखा आवाज येतो. डोक्याला मार लागलेला माणूस असा घोरत असेल तर त्याला त्याच क्षणी उठवून पाहायचं.

एक मीटरपेक्षा जास्त उंचीवरून किंवा पाचाहून जास्त पायऱ्यांवरून पडला, गाडीने उडवलं, गाडीतून बाहेर फेकला गेला, वय ६५ च्या पुढे आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, यांपैकी काही असेल तर तो बरा दिसला तरी डॉक्टरांना दाखवाच.

कुठे न्यायचं हेही ठरवून निघा. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नसतो. वाटेत तीन ठिकाणी थांबून "पुढे न्या" ऐकण्यात दोन तास जातात. निघतानाच फोनवर विचारा: सीटी चालू आहे का, न्यूरोसर्जन (मेंदूचं ऑपरेशन करणारे डॉक्टर) येतात का. श्वास अडकतोय किंवा रक्त थांबत नाहीये, तेवढ्यासाठी मात्र आधी सगळ्यात जवळचं हॉस्पिटल. रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला नेताना पोलिसांची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. नाव-पत्ता सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही.

झोपू द्यायचं, पण असं

वरचं एकही लक्षण नाही, कपाळावर टेंगूळ आहे, थोडं डोकं दुखतंय, थकवा वाटतोय: असा माणूस झोपला तर झोपू द्या. मार लागलेल्या मेंदूला विश्रांती लागते आणि रात्रभर ताटकळत ठेवलेला माणूस सकाळी चिडका, डोकं जड, मळमळणारा असाच दिसतो. मग हे जागरणाचं की रक्तस्रावाचं, हे डॉक्टरांनाही चटकन सांगता येत नाही. झोपवायच्या नादात लक्षणं लपतात असं लोक म्हणतात, पण जागरणानेही ती तितकीच गढूळ होतात.

पडल्यानंतरचे पहिले चार तास शक्यतो नजरेसमोर असू द्या, कारण बिघाड व्हायचा तर बरेचदा सुरुवातीच्या तासांतच कळतो. जबरदस्तीने जागवायचं नाही, एकटं सोडायचं नाही, एवढंच. रात्री त्याच खोलीत कुणीतरी झोपायचं, दार आतून लावायचं नाही. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं असेल तर किती वेळाने उठवायचं हे त्यांच्या कागदावर असेल तसंच करा. सीटी चांगला आला असेल तर ते कदाचित उठवायची गरजच नाही म्हणतील. काहीच सांगितलेलं नसेल तर पहिल्या रात्री झोप लागल्यावर दोन तासांनी एकदा, मग तीन-तीन तासांनी उठवा. दर पंधरा मिनिटांनी हलवत बसू नका.

उठवणं म्हणजे डोळे उघडायला लावणं नव्हे. डोळे उघडून "हं" म्हणून परत पडणं पुरेसं नाही. असं करा:

१. आधी न उठवता अर्धा मिनिट श्वास पाहा. संथ, एकसारखा हवा. मध्येच थांबून मग मोठे श्वास, किंवा नवी घरघर, हे बरं नव्हे.

२. नावाने मोठ्याने हाक मारा, खांद्यावर थोपटा. डोकं किंवा मान हलवू नका. नीट झोपलेला माणूस तुमचा हात झटकतो, कूस बदलतो, गोधडी डोक्यावरून ओढून घेतो, "झोपू दे ना" म्हणतो. हे ऐकून बरं वाटू द्या, पण तिथे थांबू नका. हाकेला दाद नाही आणि चिमटा काढल्यावरच डोळे उघडले, तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि १०८ लावा.

३. पूर्ण जाग यायला एक-दोन मिनिटं द्या, मग विचारा: तू कुठे आहेस? आज काय झालं? सकाळी काय खाल्लंस? 'हो-नाही'त संपेल असा प्रश्न विचारू नका, "बरं वाटतंय ना?" याला गुंगीतला माणूसही "हो" म्हणतो.

४. बसवा, डोळे मिटायला सांगा, दोन्ही हात समोर सरळ, तळवे वर, दहा आकडे मोजेपर्यंत. एक हात हळूहळू खाली घसरला किंवा तळवा आत वळला तर त्या बाजूचा जोर कमी झालाय. मग तुमची दोन-दोन बोटं दोन्ही हातांनी एकाच वेळी दाबायला सांगा. पाय एकेक करून उचलायला लावा.

५. खोलीतला दिवा मंद करून मोबाइलचा टॉर्च कानाच्या बाजूने डोळ्यावर आणा, थेट समोरून नको. आपल्याकडे बहुतेकांची बुबुळं इतकी गडद तपकिरी असतात की मधली काळी बाहुली कुठे संपते ते उजेडाशिवाय दिसतच नाही. दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या हव्यात आणि उजेड पडताच लहान व्हायला हव्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांत त्या आधीपासूनच वेगळ्या असू शकतात, म्हणून पहिल्या तासातच एकदा पाहून ठेवा. आणि बाहुल्यांवर भिस्त ठेवू नका: दाब बराच वाढल्यावर त्या बिघडतात, त्याच्या आधी शुद्ध बिघडलेली असते.

६. वेळ घालून कागदावर लिहा. "१०.४०: हाकेला उठला, बरोबर बोलला, हात ठीक. १२.४५: दोनदा हाक मारावी लागली, कुठे आहे ते चुकीचं सांगितलं." अशा दोन ओळी शेजारी शेजारी दिसल्या की घसरण डोळ्यांत भरते. प्रत्येक वेळी वेगळा माणूस उठवत असेल तर हा कागद फारच महत्त्वाचा.

हॉस्पिटलात नर्स तासातासाला हेच करतात. ग्लासगो कोमा स्केल ही १९७४ साली स्कॉटलंडमध्ये तयार झालेली मोजपट्टी त्यासाठी वापरतात: डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ असे १५ पैकी गुण. ८ किंवा खाली गेलं की परिस्थिती गंभीर. घरी गुण द्यायची गरज नाही. आधीपेक्षा आत्ता उठवायला जास्त खटपट पडतेय का, एवढं कळलं तरी पुरे, आणि पडत असेल तर सकाळची वाट पाहायची नाही.

लहान मूल

पलंगावरून पडलेलं मूल जोरात रडतं आणि पाच-दहा मिनिटांत कुशीत झोपून जातं. रडून दमणं, त्यात झोपेची वेळ, हे स्वाभाविक आहे. लगेच रडलं, आईला ओळखलं, थोड्या वेळाने खेळायला लागलं, तर झोपू द्या. झोपेतून उठवल्यावर ते कुरकुरावं, चेहरा ओळखावा, खेळण्याला हात घालावा, दूध ओढावं. दूध नेहमीसारखं ओढत नसेल तर ते बाळाचं 'बोलणं जड होणं' समजा.

तीन महिन्यांखालच्या बाळाला टेंगूळ छोटं असलं तरी दाखवा. दोन वर्षांखालचं मूल सुमारे तीन फुटांहून उंचावरून पडलं, किंवा टेंगूळ कपाळावर नसून बाजूला वा मागे आहे आणि हाताला मऊ, पिलपिलीत लागतं, तरीही दाखवा. तिथे हाड तडकलेलं असण्याची शक्यता जास्त. टाळू भरली नसेल तर बाळ शांत आणि उभं धरलेलं असताना तिच्यावरून अलगद बोट फिरवा. ताठ, वर आलेली टाळू म्हणजे आत दाब.

गोळ्या

दुखण्यासाठी फक्त पॅरासिटामॉल. मोठ्यांना ५०० किंवा ६५० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास. मुलांना किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला १५०. सिरपची बाटली उलटून नक्की वाचा: ५ मिलीमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर साधारण ६ मिली, २५० असेल तर ३ मिली. थेंबांच्या बाटलीत बहुधा १ मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, त्यामुळे सिरपच्या मापाने थेंब पाजले तर डोस कितीतरी पट होतो.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक पहिले दोन दिवस नकोत, त्यांनी रक्त गोठायला वेळ लागतो. घरातल्या 'अंगदुखीच्या' गोळीत यातलं काही मिसळलेलं असतं, पाकिटामागचं नाव वाचा. झोपेची गोळी, खोकल्याचं गुंगी आणणारं औषध आणि दारू अजिबात नको. उलटी थांबवायची गोळी स्वतःहून देऊ नका; उलटी हीच तुमची खूण आहे.

प्यायलेला माणूस आणि म्हातारी माणसं

दारू प्यायलेला माणूस पडला की "उतरली की उठेल" असं म्हणून त्याला ओसरीवर टाकून देतात. दारूची गुंगी तासागणिक कमी व्हायला हवी. दोन तासांत सुधारणा नाही, किंवा आधी बरळत होता तो गप्प झाला, तर दारू हे कारण धरू नका. आणि डोक्याला मार लागल्याचं कळलं असेल तर ते दोन तासही घरी थांबायचं नाही.

साठी-सत्तरीपुढची आजी बाथरूममध्ये घसरते, डोक्याला हलकं लागतं, दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटायला उभी राहते. वयानुसार मेंदू आकसतो, मेंदू आणि कवटी यांच्यात जागा वाढते आणि तिथल्या ताणलेल्या बारीक शिरा साध्या धक्क्यानेही गळू लागतात. हे रक्त थेंबाथेंबाने साचतं. तीन-चार आठवड्यांनी, कधी दोन महिन्यांनी, चालताना एका बाजूला झोक जायला लागतो, दुपारची झोप लांबते, नावं विसरायला होतात, कपडे ओले होतात. घरचे म्हणतात, वय झालं. त्या वेळी डॉक्टरांना आधीच्या पडण्याची तारीख सांगा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी, आणि वॉरफॅरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅस्पिरिन या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी जी चालू आहे तिची पट्टी सोबत न्या. असा रक्तस्राव सीटीत दिसतो आणि बरेचदा कवटीला छोटं भोक पाडून तो काढता येतो.